काठाची रुंदी

शाळेच्या भूगोलात महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा समुद्रकिनारा होता. आमच्या पिढीने हा आकडा इतका घोकलाय की झोपेतून उठवून विचारला तरी सांगू. आता केंद्र सरकारने देशभर नव्याने मोजणी केली, तेव्हा तो ८७७ किलोमीटरच्या पुढे गेला. देशाची किनारपट्टी ७,५१६ होती, ती ११,०९८ किलोमीटर झाली. कुठे नवी जमीन उगवलेली नाही. समुद्रानेही काही सोडलेले नाही. फक्त मोजण्यासाठी जास्त बारकाव्याचा नकाशा घेतला. आधीच्या नकाशात ज्या खाड्या, घळी आणि नाकाडे एका सरळ रेघेत गडप झाले होते, ते आता मोजावे लागले. याहून बारीक मोजाल तर लांबी याहून वाढेल, आणि या हिशोबाला अंत नाही, हे गणितवाल्यांनी कधीच सांगून ठेवले आहे.

या सगळ्यातली मला आवडणारी गोष्ट अशी, की या न्यायाने सगळ्यात लांब किनारा पायी चालणाऱ्याच्या वाट्याला येतो. गाडीतून जाणाऱ्याला तो सगळ्यात तोकडा मिळतो.

रत्नागिरीच्या दक्षिणेला मुचकुंदी नदी समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी उत्तरेला पूर्णगड आणि दक्षिणेला गावखडी. गावखडीला लांबलचक वाळू आहे, सुरूचे बन आहे. तिथून कशेळीकडे जाऊ लागले की वाळू संपते आणि जांभ्याचे कडे थेट पाण्यात उतरतात. डांबरी रस्ता हा सगळा भाग वरच्या अंगाने टाळून जातो आणि गाडीला त्याचे काहीच वाटत नाही. मला आणि माझ्या मैत्रिणीला खालच्या अंगाने अख्खी सकाळ लागली, तीही मध्ये दोनदा वर चढून. कारण सलग वाट नाहीच. कातळ जिथे तुटतो तिथे वर यायचे, सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळी पठारावरून, वळसा घालायचा, पुढची घळ उतरायची.

दिवस पाडव्याच्या दुसऱ्या दिवशीचा, चैत्र शुद्ध द्वितीया. तिथी मुद्दाम सांगतेय, कारण खडपातून, म्हणजे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांतून, चालायचे तर घड्याळापेक्षा तिथी उपयोगी. किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्या माणसांचा हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. द्वितीया, म्हणजे दोनाची पाऊणपट दीड. रात्री दीडला आणि दुपारी दीडला पूर्ण भरती. त्यात सहा तास आणि वर थोडी मिनिटे मिळवा, म्हणजे सकाळी साडेसातच्या सुमारास पूर्ण ओहोटी. छापील तक्त्याशी ताडून पाहिले तर हा हिशोब कधी अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. पण तक्ता मोबाइलवर असतो आणि कड्याखाली मोबाइलला रेंज नसते.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सूर्य आणि चंद्राची ओढ एका रांगेत येते आणि उधाण येते. अष्टमीला ती एकमेकींना छेद देते, तेव्हा भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती. हे बहुतेकांना माहीत असते. चैत्राची खासियत त्याच्या पुढची आहे. मार्चच्या शेवटी सूर्य विषुववृत्तापासून फारसा दूर गेलेला नसतो, आणि अमावास्येचा चंद्र त्याच्याच जोडीने असतो. त्यामुळे दिवसातल्या दोन ओहोट्या जवळजवळ सारख्या खोल उतरतात. थंडीत किंवा पावसाळ्यात आपल्याकडे दोन ओहोट्यांमध्ये चांगलाच फरक पडतो. एक भरपूर खाली जाते, दुसरी अर्ध्यातच मन बदलल्यागत परतते. चैत्रात तसा दगाफटका नाही. उजेडातली ओहोटीही पुरी मिळते.

वसंत ऋतूबद्दल कोणी कवितेतले बोलू लागले की मला कोकणातला मार्च आठवतो. घाम, चिकचिक, पिवळे पडलेले सडे, आटत चाललेल्या विहिरी. फुललेला पांगारा असतो, कुसुंबाची तांबडी पालवी असते, नाही असे नाही. पण मला विचाराल तर इथला वसंत झाडांपेक्षा पाण्याच्या काठाशी जास्त दिसतो, आणि तोही दिवसाचे मोजके तास.

गावखडीला पोचलो तेव्हा सूर्य उगवायचा होता. वारा पाठीमागून येत होता, जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा. त्याला कुठल्यातरी भाजावळीच्या धुराचा आणि पिकून पडलेल्या काजूबोंडांचा आंबूस वास होता. किनाऱ्यावर कासवांच्या पिल्लांची गडबड चालली होती. वेळासला २००२ साली सुरू झालेले ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनाचे काम हळूहळू दक्षिणेकडच्या किनाऱ्यांवर पसरले, त्यात गावखडीही आहे. घरट्यातली अंडी कुंपणात नेऊन पुन्हा वाळूत पुरतात, साधारण दीड-दोन महिन्यांत पिल्ले वर येतात, आणि कासवमित्र ती पाण्यापासून थोडी अलीकडे सोडतात. उचलून पाण्यात ठेवत नाहीत. चालणे त्यांचे त्यांनाच करावे लागते. पण ओहोटीच्या वेळी ते अंतर वाढते. ओल्या वाळूवर उमटलेल्या त्या बोटभर रुंदीच्या रांगा सरळ नव्हत्या. एक पिल्लू कुणाच्यातरी पावलाच्या ठशात उतरले आणि पलीकडची भिंत चढता येईना म्हणून कडेकडेने फिरत राहिले. कासवमित्राने बघितले, पण हात लावला नाही. शेवटी ते आपले आपण चढले.

खाडीच्या तोंडाशी चिखल्या पळत होते. थंडीभर हे पक्षी मातकट रंगाचे असतात. आता काहींच्या छातीवर विटकरी पट्टा चढला होता. हा त्यांचा लग्नाचा पोशाख, पण लग्न इथले नव्हे. पंधरा-वीस दिवसांत ते निघणार, लडाख आणि मध्य आशियातल्या उंच पठारांकडे. त्यांच्या लेखी आपला वसंत म्हणजे सामान बांधायचे दिवस.

वाळू संपली आणि बूट घट्ट केले. इथला कातळ तसा दोनदा घडलेला. मुळात हा ज्वालामुखीचा काळा बसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, अख्खी दख्खन ज्याने व्यापली तोच. पुढे उष्ण आणि दमट हवेत, पावसाने त्यातली सिलिका झिरपून वाहून नेली आणि लोह-ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहिली. तोच हा जांभा. खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. चिऱ्याची घरे उभी राहतात ती याच गुणावर. मात्र समुद्राकडून बघितले की हाच दगड वेगळा दिसतो. वरचा थर लोखंडी, टणक. त्याच्याखाली पांढरट-पिवळसर मऊ मातीचा थर. लाटा खालची माती खातात आणि वरचे छप्पर अधांतरी राहते. मग एखाद्या पावसाळ्यात ते कोसळते. आम्ही ज्या शिळांवरून उड्या मारत चाललो होतो, त्या सगळ्या कधीतरी आमच्या डोक्यावरच्या सड्याचा भाग होत्या. एका शिळेच्या माथ्यावर अजून वाळक्या गवताचा गड्डा होता, म्हणजे ती अगदी अलीकडची. त्यानंतर आम्ही कड्यापासून जरा लांबूनच चालू लागलो.

पाणी उतरलेल्या खडपाची एक शिस्त असते. सगळ्यात वर काळा, निसरडा पट्टा. लाटांचे नुसते तुषार पोचतात तिथवरचा. त्यात ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोगलगायी भेगा धरून बसलेल्या. त्याखाली बार्नॅकल्सचा, म्हणजे खडकाला चिकटून राहणाऱ्या बारीक कवचधारी जिवांचा, पांढुरका, तळवे सोलून काढणारा थर. त्याखाली कालवे. आणि अगदी खाली, फक्त उधाणाच्या ओहोटीलाच उघडे पडणारे शेवाळ, हिरवे, तांबूस, तपकिरी. जोसेफ कॉनेल या अमेरिकी शास्त्रज्ञाने स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर बार्नॅकल्सच्या दोन जातींचा अभ्यास केला होता, १९६१ साली तो प्रसिद्ध झाला. वरच्या पट्ट्यातली जात खाली का नसते, हा त्याचा प्रश्न होता. तिला खालची जागा सोसत नाही असे नव्हतेच. खालची दांडगी जात तिला उपटून आणि चिरडून काढत होती. वर मात्र ऊन एवढे, की ती दांडगी तग धरू शकत नव्हती. म्हणजे दुबळ्याने उन्हातली जागा पत्करली, कारण तिथे भांडायला कोणी येत नाही. हे वाचल्यापासून मला खडपावरचा प्रत्येक पट्टा वाटाघाटी करून ठरवल्यासारखा दिसतो. नकाशावर जो किनारा एका रेघेत संपतो, तो इथे पंचवीस-तीस पावले रुंद आहे, आणि त्यात कोण किती तास कोरडा राहू शकतो यावर पत्ते ठरलेले आहेत.

एका खळग्यापाशी आम्ही बराच वेळ बसलो. आकाराने परातीपेक्षा मोठा नव्हता. तळाशी गुलाबी चुनखडी शेवाळाचा लेप, कडेला एक समुद्रफूल (सी ॲनिमोन, फुलासारखा दिसणारा प्राणी), पाकळ्यांसारखे दिसणारे हिरवट शुंडक पसरून. मैत्रिणीने सुरूची एक काडी हळूच जवळ नेली. आधी दोन-तीन शुंडक काडीला चिकटले, ओढून पाहिले, आणि काडी खाण्याजोगी नाही हे कळल्यावर बटव्याची नाडी ओढावी तसे ते सगळे आत मिटले. उरला एक ओला गोळा, ज्याला शंखांचे तुकडे चिकटलेले. पलीकडे एक शंख चालत होता, आत खेकडा. त्याच्यासमोर त्याच्याहून थोडा मोठा रिकामा शंख होता. त्याने तो नांग्यांनी उलटापालटा केला, तोंड चाचपले, अर्धे अंग बाहेर काढले, मग काय वाटले कुणास ठाऊक, पुन्हा जुन्यातच शिरला. आम्ही दोघींनी नुकतीच घरे बघण्यात महिने घातले असल्याने त्याची अडचण आम्हाला पटली. पाणी मात्र आतापासूनच कोमट लागत होते. दुपारपर्यंत हा खळगा चांगला तापतो, पाऊस पडला तर गोडा होतो, आणि बाष्प उडून गेले तर खारटपणा वाढतो. समुद्र हात-दोन हातांवर असताना आतल्या जिवांना हे सगळे सोसून भरतीपर्यंत थांबावे लागते.

पुढच्या नाकाडाच्या पलीकडे ठक-ठक ऐकू आली. तिघी-चौघी बायका कालवे काढत होत्या. हातात लहानसे टोकदार हत्यार, शेजारी डबा. वरचे झाकण एका ठोक्यात उडवायचे, आतला मऊ गर त्याच टोकाने उचलायचा. पाहायला सोपे, पण कालवाची धार पात्यासारखी असते आणि त्यांच्या बोटांवर तिच्या जुन्या-नव्या खुणा होत्या. आम्ही मोकळ्या हातांनी नुसत्याच फिरतोय हे त्यांना जरा नवल वाटले. “कशाला आल्यात?” एका मावशींनी विचारले. चालायला, म्हटल्यावर त्यांनी मागे वळून आम्ही आलो त्या वाटेकडे बघितले आणि हसल्या. कालवे काढणे हे त्यांच्या लेखी कष्टाचे काम होते, पण खडपातून नुसते चालणे हे त्याहून काहीतरी चमत्कारिक.

थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, “बायांनो, आता वर जावा. पाणी फिरलं.”

मला तर काहीच फिरलेले दिसत नव्हते. त्यांनी दोन शिळांमधल्या अरुंद चरीकडे बोट दाखवले. त्यात फेसाचा एक पुंजका होता. इतका वेळ तो बाहेर सरकत असणार. आता तो जागच्या जागी थबकला, गोल फिरला, आणि सावकाश आत येऊ लागला. एवढेच. समुद्र लांबवर होता तिथेच होता, लाटा होत्या तेवढ्याच होत्या. पण बायकांनी डबे झाकले होते. समुद्राचे तास ओळखण्याची ही रीत कुठल्या तक्त्यात बसणार? आम्ही मुकाट पुढची घळ गाठून वर चढलो.

सड्यावर पोचलो आणि वारा बदलला. दहाच्या सुमारास मतलई वारा पडतो, थोडा वेळ सगळे बंद, पान हलत नाही, घाम डोळ्यांत जातो, आणि मग समुद्रावरून पहिली झुळूक येते. भाजावळीचा वास गेला, खारा वास आला. सडा म्हणजे काळपट-तपकिरी जांभ्याचे मैल-मैल पसरलेले पठार. चैत्रात त्यावर बघण्याजोगे काही नाही असे लोक धरून चालतात. ओढ्याच्या कडेला अंजनी फुलली होती. तिची फुले फांदीच्या टोकाला येत नाहीत, जुन्या लाकडालाच चिकटून येतात, निळ्या-जांभळ्या बारीक गुच्छांनी अख्खी फांदी मढते. जवळून बघितले तर एकेक फूल मसुराएवढे, त्यातून पुंकेसर बाहेर डोकावलेले, आणि त्यांच्यावर काळ्या मधमाश्या. हात लावला की निळा पराग नाही, नुसताच ओलसरपणा लागतो. शेजारी धायटीची लालभडक फुले होती. ती लांबूनही दिसतात म्हणून कौतुक तिचेच होते.

वाकडी वाट करून कशेळीचा हत्ती बघायला गेलो. जांभ्यात कोरलेले हे कातळशिल्प सुमारे १८ मीटर लांब आहे. जमिनीवर उभे राहून एका नजरेत मावत नाही. रेषेच्या कडेने चालत राहावे लागते, तेव्हा कुठे सोंड संपून पाय सुरू झाल्याचे ध्यानात येते. बाह्यरेषेच्या आत आणखी प्राण्यांच्या आकृत्या. २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत कोकणातली जी कातळशिल्पे गेली, त्यात कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, उक्षी अशी नावे आहेत. कोणी आणि कधी कोरले याबद्दल वाद आहेत आणि ते सोडवणे माझे काम नाही. मला एवढेच वाटत राहिले, की हे चित्र बघण्याची ठरलेली जागाच नाही. कोरणाऱ्यालाही ते पुरते दिसले नसणार. त्याने पावलांनी ते धरून ठेवले असणार. आता वरून ड्रोन फिरवला की हत्ती एका क्षणात दिसतो आणि फोटो छान येतो. पण रेषेवरून चालताना गुडघ्यांना जे कळते ते त्यात येत नाही, असे मी म्हटले तर मैत्रीण म्हणाली, “तुझ्या गुडघ्यांना फक्त उतरण कळते.”

गावातल्या कनकादित्याच्या देवळात सावलीला टेकलो. सूर्याची देवळे आपल्याकडे मोजकीच, त्यातले हे एक. शिलाहार राजा दुसरा भोज याचा शके १११३ चा, म्हणजे इसवी सन ११९१ चा, कशेळीच्या दानाचा ताम्रपट इथे आहे. मूर्तीची कथा समुद्रावरून येते: सौराष्ट्राकडून निघालेले एका व्यापाऱ्याचे गलबत या किनाऱ्यासमोर अडले, काही केल्या पुढे सरकेना, तेव्हा त्यातली सूर्यमूर्ती काठावरच्या गुहेत ठेवून गलबत गेले. कथा म्हणून ऐकावी, पण सकाळभर हा किनारा पायाखालून गेला असेल तर तिच्यातला एक तपशील अगदी रोखठोक वाटतो. या कड्यांसमोर गलबत अडण्यासाठी दैवी कारणाची गरज नाही.

ती गुहा जिथली सांगतात, त्या देवघळीला पोचलो तेव्हा दीड वाजत आला होता. पाणी पुरते चढले होते. वरच्या कठड्यावरून खाली बघितले तर दोन कड्यांच्या बेचक्यात लाट शिरायची, आत दाटायची आणि उभी फुटायची. तुषार आमच्या चेहऱ्यापर्यंत येत होते. वाळूचा एक तुकडा कड्याला चिकटून उरला होता, तोही दर लाटेला अर्धा होत होता. खडपाच्या सगळ्या पट्ट्यांवर पाणी आले होते. कठड्यापाशी गर्दी होती, बरेचसे फोटो चालले होते. एका कुटुंबातल्या गृहस्थांनी आमचे चिखलाने माखलेले बूट बघितले आणि विचारले, “खाली जायला रस्ता आहे ना?”

“आहे. पण आत्ता उतरू नका, उभे राहायला जागा नाही.”

“मग जागा कधी असते?”

“संध्याकाळी साडेसातला, पण तोवर अंधार पडेल. उद्या सकाळी आठ-सव्वाआठला सगळ्यात छान. खडपातून पार त्या नाकाडापर्यंत चालत जाता येतं.”

त्यांनी नाकाडाकडे बघितले. तिथे तेव्हा नुसता पांढरा फेस होता, आणि मी जे सांगत होते त्यावर विश्वास ठेवायला काही आधार नव्हता.

“उद्या सकाळी आम्ही गणपतीपुळ्याला निघतोय,” ते म्हणाले, आणि मग बायकोकडे वळून, “तसाही व्ह्यू इथूनच चांगला आहे.”

मी तोंड उघडले तेवढ्यात मैत्रिणीने माझे कोपर धरले आणि मला ओढतच रस्त्याकडे नेले.